आबांची मान

आज आबांना, म्हणजे वडिलांना, जळगावला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले, "मानेच्या मणक्यांवर हाड वाढलंय. या वयात सर्रास दिसतं. वाढलेलं कमी होत नाही."

चोपड्याला परतताना एसटीत हे सांगितल्यावर शेजारच्या सीटवरचे नाना स्वतःच्या मानेला हात लावून म्हणाले, "मनं बी तसंच शे." पुढच्या सीटवरच्या अक्का मागे न वळताच म्हणाल्या, "मनं बी."

आबा थेट केळीच्या बागेत गेले. घड कापायला आला का, हे ठरवताना त्यांनी दुसऱ्याच्या नजरेवर कधीच विश्वास ठेवला नाही. आज झाडाखाली उभे राहून, जमिनीकडे बघत म्हणाले, "तूच देख. मनी मान वर व्हत नही."

मी बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही.

सर्रास दिसतं, हे ऐकून तुमच्याकडे कुणाची मान वर झाली का?