दाइवाचा पांढरा रुमाल

मी आणि दाइवा दुबईत, करामातल्या एकाच नर्सरी शाळेत. मी अकाउंट्स बघते, ती मुलांना गाणी शिकवते. ती लिथुआनियाची. त्यांची माणसं इथे मूठभर, पण दर शनिवारी अल क्वोजच्या एका गोदामात जमून गावाकडचे नाच बसवतात. पायात लाकडी बूट, आपल्या खडावांचे भाऊच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, ही तर आमची मंगळागौर!" फक्त त्यांच्यात पुरुषही नाचतात, जोडीनं. दाइवाची जोडी नवऱ्याशी, टोमासशी.

संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलावलं. कुंकू लावताना मी कौतुकानं सांगितलं, "नवरा असलेल्या बायकांचा मान असतो हा."

तिनं माझा हात धरला. "तो घरात नसला तरी चालतं?"

मग कळलं. टोमास दिवाळीपासून शारजाला दुसरीकडे राहतो. येतो तो फक्त प्रॅक्टिसला. लेकीला, गाबियाला, सांगितलंय की पापा साइटवर असतो.

"मग नाचतेस कशाला त्याच्याबरोबर?" मी चिडले.

"सोडलं तर सगळे विचारतील. त्याला ते नकोय. गाबियाचा व्हिसा त्याच्या नावावर आहे. म्हणतो, बोललीस तर तो रद्द करून तिला लिथुआनियाला माझ्या आईकडे पाठवतो."

मी तिला तिळगूळ दिला.

मार्चमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. कपडे चढवायला मदत म्हणून मी गेले. त्यांची रीत अशी, की लग्न न झालेल्या मुलींच्या कपाळावर विणलेली पट्टी, आणि लग्न झालेलीनं पांढऱ्या रुमालानं केस झाकायचे. दाइवानं पिशवीतून पट्टी काढली आणि बांधून आरशात बघत बसली.

नाच बसवणाऱ्या आल्डोनाबाई डोकावल्या. "पट्टी? वेडी झालीस? नवरा बाहेर उभा आहे तुझा!"

बायका खो खो हसल्या. "नवीन बघतेय वाटतं!"

दाइवा हसली नाही. पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मी मनात दत्ताचं नाव घेत होते. तिनं पट्टी ठेवावी म्हणून की काढावी म्हणून, ते माझं मलाच कळेना.

बाहेरून गाबिया ओरडली, "मम्मा, कम ऑन! पापा इज वेटिंग!"

दाइवानं पट्टी काढून माझ्या हातात दिली, रुमाल पुढे केला. "बांध. घट्ट बांध, नाचताना सुटायला नको."

नाचात जोड्या हात उंच धरून कमान करतात, बाकीच्यांनी खालून जायचं. दाइवा वाकून जायची, पलीकडे निघायची, वळून पुन्हा टोमासचा हात धरायची. तोंडावर हसू. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नंतर मी तिची गाठ सोडायला गेले.

"थांब," ती म्हणाली. "तो घरी सोडायला येतोय. गाबियानं हट्ट केला. दारापर्यंत राहू दे."

पट्टी माझ्या पर्समध्येच राहिली. सोमवारी शाळेत द्यायला गेले तर म्हणाली, "तुझ्याकडेच ठेव. गाबियाला दिसली तर विचारेल, ही कुणाची."

देवघराच्या खणात ठेवली आहे.