भाऊजींनी खाल्लेला पाइप

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षरही किरटं आहे. कुणाच्या नजरेस हे पडलंच तर माफ करावं. पण आमच्या शेजारच्या भाऊजींसारखा गंजाशी उभं वैर धरलेला माणूस अख्ख्या अकोल्यात दुसरा नसेल, एवढं मात्र खरं लिहिते.

आमच्याकडची माती खारी, लोखंड लवकर खाते. म्हणून जमिनीतल्या मोठ्या पाइपलाइनीला थोडी थोडी वीज देत राहायची, म्हणजे ती गंजत नाही. भाऊजींनी जन्मभर हेच काम केलं. निवृत्त झाले तरी कुणाकडे गेले की माणसांची खुशाली विचारायच्या आधी फाटकाची बिजागरं बघत. पुतणीसाठी पातूरचं स्थळ पाहून आले तेव्हा म्हणाले, "पोरगा बरा हाये, पण खिडकीच्या गजाले रंग नाही. पोरीले काय सांभाळीन तो?" बाटलीतलं पाणी मातीवर ओतायचं, त्यात कांडी टेकवायची आणि मीटर बघत बसायचं, हा त्यांचा विरंगुळा. बायकांना ते पाणाडी वाटत. एकीनं विचारलंच, "भाऊ, बोअर कुठी घेऊ?" "पाणी नाही बाई, वीज पाहून राहिलो," म्हणाले आणि कांडी उचलून पुढे गेले.

आपल्या बोअरच्या पाइपालाही त्यांनी तशीच वीज जोडली होती. एक जुना चार्जर, आणि आमच्या कुंपणालगत पुरलेलं भंगार. त्यांचा पाइप नव्यासारखा राहिला. आमच्या पालकाच्या वाफ्यांना पाणी नेणारा मात्र चाळणी झाला. आम्ही मातीला बोल लावला आणि नवा टाकला.

एका दुपारी भाऊजी कुंपणाशी मीटर लावून बसले, आणि मग उतरल्या चेहऱ्यानं दारात आले. "वहिनी, तुमचा पाइप मातीनं नाही, म्या खाल्ला." भंगारातून निघालेली वीज त्यांच्या बोअरकडे जाताना आमच्या पाइपातून वाट काढायची, आणि बाहेर पडताना तिथलं लोखंड घेऊन जायची. भोकं सगळी त्यांच्याच बाजूला होती.

ते बोलले नसते तर कुणाला कळलं असतं? मी 'राहू द्या' म्हणायला हवं होतं. पण आमच्या ह्यांनी अख्ख्या नव्या पाइपाची किंमत सांगून टाकली. जुना दोनदा जोडलेला होता. भाऊजींना ते माहीत होतं. जोड त्यांनीच फुकट लावून दिले होते.

चार्जर त्यांनी त्याच दिवशी काढला. पेन्शन झाली की थोडे थोडे पैसे आणून देत. मी पाण्याचा पेला पुढे करी. "आधी फिटू द्या," म्हणत आणि फाटकाबाहेरच उभे राहत. भरला पेला घेऊन माघारी फिरताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

परवा शेवटच्या नोटा देऊन ते आत आले, ओट्यावर टेकले. "द्या आता पाणी." प्यायले. "मचूळच हाये."

मी कशीबशी म्हणाले, "भाऊजी, पाइप जुना होता. जोड तुम्हीच लावले होते."

"माहे जोड नाही गळले, वहिनी. गळलं ते म्या खाल्लेलं."

जाताना त्यांनी सवयीनं फाटकाचं बिजागर हलवून पाहिलं. पुढच्या पेन्शनीला ते येणार नाहीत. नोटा माझ्या मुठीतच होत्या. त्यांच्याकडून सगळं फिटलं होतं.