तांबडीपुढं ठेवलेलं मडकं

आज सकाळी आमच्या जुन्या हुबळीतल्या घराच्या परसात तांबडीनं अंडं घातलं. आजारपणानंतरचं पहिलं... सुरेशनं, माझ्या मुलानं, स्वतः आत आणून दिलं. त्या आनंदात लिहायला बसलेय.

मी तिसरीपर्यंत शिकलेली. नातीनं, अश्विनीनं, फोनवर लिहायला शिकवलं, तेव्हापासून सुटतच नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कोंबड्यांचं मला थोडंफार कळतं. उवा झाल्या की राखेत लोळू द्यायचं. पायाचे खवले उभे राहून पाय खरबरीत झाले की आत किडे असतात... कोमट पाण्यात पाय भिजवून खोबरेल चोळायचं, कंटाळा न करता. हे सासूबाईंनी शिकवलं. दुसरं काही त्यांनी प्रेमानं शिकवलं नाही, पण ते असो.

पावसाळा सरता सरता तांबडीच्या तुऱ्यावर मोहरीएवढे फोड दिसले. वाटलं, कोंबड्यानं टोचलं असेल. मग त्यांच्या काळ्या खपल्या झाल्या, चोचीपाशी, डोळ्यांच्या कडेला...

शेजारची गंगक्का भिंतीवरून वाकून बघून म्हणाली, “अय्यो, अम्मा बंदाळ की हो!” म्हणजे देवी आल्या. आमच्या गल्लीत माणूस असो की कोंबडी, देवी आल्या की नियम एकच. दाराला कडुनिंब. घरात फोडणी नाही. आणि आजाऱ्याजवळ गार पाण्याचं मडकं, निंबाचा डहाळा घालून. अम्मा परत जाईपर्यंत ते झाकायचं नाही, हलवायचं नाही... नुसती भर घालायची.

गंगक्कानं घरचं मडकं आणलं, आम्ही दोघींनी हात जोडून ते खुराड्याशी ठेवलं. जेवताना सुरेश कुरकुरला, “देवी कोंबडीला, आणि आमटी आमची बिनफोडणीची!” अश्विनी पोट धरून हसली. सुरेशचीच लेक ती, बाळंतपणाला माहेरी आलेली.

पण हसणं तिथंच संपलं. बाकीच्यांनाही फोड आले. पांढरी गेली, मागोमाग अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या तलंगा गेल्या, शेवटी कोंबडाही. सगळ्यांना कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. पहाटे आरवणं बंद झालं, तशी मला जागच येईना...

तांबडीचे दोन्ही डोळे खपल्यांनी मिटले. दाणे पुढ्यात, पण दिसेनात. मान तिरकी करून नुसता कानोसा घ्यायची. माझा थोरला भाऊ, अण्णा, लहानपणी देवी आल्या तेव्हा अशीच मान करायचा. त्याचा एक डोळा गेलाच. त्याच्याही उशाशी मडकं होतं, त्यात पाण्याची भर घालायचं काम माझ्याकडं...

सुरेश एका संध्याकाळी म्हणाला, “आई, पोटुशी पोरगी घरात आहे. तिला हे लागलं तर? उद्या तांबडीला मारून पुरून टाकतो.” तो वाईट नाही हो. बापाचं काळीज. मी म्हटलं, “एकदा डॉक्टरला दाखवू दे, मग तू म्हणशील तसं.”

सकाळी टोपलीत घालून, वर फडकं बांधून, रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई बघताक्षणी म्हणाल्या, ह्या कोंबड्यांच्या देवी, माणसाला होत नाहीत, गरोदर बाईलाही नाही. अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला.

ह्याच्यावर खास औषध नाही म्हणे. खपल्या ओढायच्या नाहीत, त्यांना आयोडीन लावायचं. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसून मलम घालायचं, हातानं भरवायचं. आणि धडधाकट असतील त्यांना लस टोचून घ्यायची... धडधाकट उरलं होतं कोण?

मग त्यांनी विचारलं, “डास चावून हे एकीचं दुसरीला जातं. खुराड्याजवळ पाणी साठलंय का कुठं?”

मी मडक्याचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. माझ्याच तोंडून निघून गेलं, “मग आमच्या अण्णाचा देवीत गेलेला डोळा... तोही मडक्यामुळंच?”

“नाही आजी. माणसांच्या देवी डासांनी पसरत नव्हत्या. ते वेगळं.”

बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर टोपली मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि मला उठवेना.

घरी आल्यावर मडकं उन्हात ओढलं, डहाळा बाजूला केला. पाण्यात बारीक बारीक किडे वळवळत होते... अम्माला गारवा म्हणून ठेवलेलं पाणी ते. मी मडकं तिथंच उपडं केलं. गंगक्का भिंतीपलीकडून बघत होती. तशीच आत निघून गेली. मग कितीतरी दिवस भिंतीपाशी आलीच नाही.

तांबडीला मी मांडीवर घेऊन भिजवलेल्या कण्या भरवल्या. अश्विनी मलमाची ट्यूब धरून बसायची, सुरेश दुरून बघायचा. डावा डोळा उघडला. उजवा गेला.

मधे अश्विनीला मुलगी झाली. पणजी झाले मी! पेढे घेऊन मीच गंगक्काकडं गेले. दुसऱ्या दिवशी ती नवं मडकं घेऊन आली, खुराड्याशी ठेवलं. आता अम्मा परत गेली तरी रोज सकाळी येऊन कालचं पाणी कढीपत्त्याला ओतते, मडकं घासून ताजं भरते. डासांचं तिला पटलं का, मी विचारलेलं नाही. उलट तीच मला दटावते, “अम्माला शिळं पाणी कोण देतं गं?” मी म्हणते, “खरंय, अक्का.”

आजचं अंडं अश्विनीला उकडून दिलं. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार विसरणार नाही... तांबडीसाठी, आणि अण्णासाठीही.

पाणी मिळून मिळून कढीपत्ता मात्र यंदा नुसता फोफावलाय. घरात फोडणी पुन्हा रोज असते, पण पानं मी बाजारातूनच आणते.