जावेला वाढलेली नळी

माझ्या मोठ्या जावेने भर पंगतीत माझ्या ताटात मटणाची नळी टाकली, तेव्हा माझ्या खालच्या जबड्यात एकही दाढ उरली नव्हती. आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवस गावच्या म्हाईचा. म्हाई म्हणजे देवीला बकरं आणि मग घरोघर पै-पाहुण्यांना जेवण. आम्ही कोल्हापुरात राहणारे, गाव तासाभरावर, त्यामुळे मी पाहुणीसारखी पंगतीला बसून रश्श्यात भाकरी कुस्करून गुपचूप गिळत होते. आक्का, म्हणजे ही जाऊ, वाढायला आली. मी ताटावर आडवा हात धरला. तिने तो बाजूला सारला.

"घे की गं. पावणं बघाय लागल्यात. वाढलेलं नको म्हणत्यात व्हय?"

आमच्याकडे म्हाईच्या पंगतीत आग्रह मोडता येत नाही. वाढणारीने एकदा ताटात टाकलं की खायचं, नाहीतर देवीचाही अपमान आणि घराचाही. मी नळी तोंडाला लावली. पुढच्या दातांनी मांस ओढायला गेले, तर वरचा एक दात पडलेला, त्या फटीतून रस्सा हनुवटीवर ओघळला. घास तोंडात फिरवला, हिरडीवर दाबला, शेवटी हातात थुंकला. आक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पुढच्या म्हाईला हिला पेज करा गं कुणीतरी." अख्खी पंगत हसली. मीही हसले, तोंडावर पदर धरून. परतीच्या एसटीत मी ठरवलं की हिला सोडायचं नाही.

हिशेब एवढाच असता तर कदाचित विसरलेही असते. पण माझे दात ज्या मिश्रीने खाल्ले, ती मिश्री याच बाईने माझ्या तळहातावर ठेवली होती. लग्नाला पंधरा दिवस झाले होते, माझी दाढ ठणकत होती, आणि आक्का तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजत बसली होती. "लाव, दात दगडासारखं हुतील," म्हणाली. तिलाही तेव्हा काही माहीत नव्हतं, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही. पुढे तीस वर्षं शाहूपुरीतल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, पण सकाळी बोट मिश्रीत बुडवल्याशिवाय मी चहासुद्धा प्यायले नाही. हिरड्या सुटत गेल्या. दात किडले नाहीत, पुन्हा दुखले नाहीत, नुसते हलले आणि एकेक करून हातात आले.

दात जातात तेव्हा फक्त दात जात नाहीत. ऊस गेला, भाजलेलं कणीस गेलं, शेंगदाणे गेले, पेरूसुद्धा किसून खायची पाळी आली. गाल आत गेले. फोनवर बोलताना वारा सुटायचा आणि समोरचा विचारायचा, आजी घरात कोणी आहे का. आजी! मी तेव्हा अठ्ठावन्नची. तोंडावर पदर घेऊन बोलायची सवय लागली, आणि गंमत म्हणजे गावाकडच्या बायका म्हणू लागल्या की बाई आता किती मर्यादेने वागते. त्या मर्यादेची मला चीड यायची.

नळीच्या प्रकरणानंतर आठवडाभरात मी दातांच्या डॉक्टरणीकडे गेले. तिशीतली मुलगी, पण बोलायला फटकळ, म्हणून मला आवडली. तिने फोटो काढला आणि सांगितलं की खाली जोडीदार नाही म्हणून वरच्या दाढा खाली उतरायला लागल्यात, शेजारचे दात रिकाम्या जागेत कलायला लागलेत, आणि जिथे दात नाही तिथलं हाड रोज थोडं थोडं झिजतं. मग तिने टेबलावर नमुने मांडले. काढ-घाल करायची कवळी. शेजारचे दात कापून त्यांच्यावर बसवायचा ब्रिज. नाहीतर हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणजे इम्प्लांट. मी प्रत्येक नमुना हातात घेऊन एकच विचार करत होते, की पंगतीत याचं काय होईल. कवळी भरल्या ताटात पडली तर? बाद. ब्रिजला मागून धरायला दाढच नव्हती, आणि पुढच्या फटीसाठी शेजारचे दोन धडधाकट दात कापू द्यायला मी तयार नव्हते.

"तुम्हाला नक्की खायचंय काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नळी."

ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तिने पुन्हा फोटो हातात घेतला. म्हणाली, हाड अजून आहे, पण मिश्री आधी बंद. तंबाखूच्या तोंडात स्क्रू धरत नाही.

मिश्री मी देवासाठी सोडली नव्हती, नवऱ्याने हात जोडले तरी सोडली नव्हती. रागासाठी सोडली. पहिले दहा-बारा दिवस डोकं फुटायची वेळ आली, बोट आपोआप कोनाड्याकडे जायचं, दोनदा डबी उघडलीही. दोन्ही वेळा आक्काचा तो "पेज करा गं" टोमणा आठवला आणि डबी मिटली. शेवटी ती मोरीत रिकामी करून वर बादलीभर पाणी ओतलं. मग स्क्रू बसले, मग हाडाने त्यांना धरावं म्हणून काही महिने मऊ भात आणि वरण, मग माप, मग दात. पहिल्या दिवशी मी सफरचंद विकत घेतलं आणि तिथेच गाडीवाल्यासमोर चावलं. डोळ्यांत पाणी आलं. पण मनात आलं ते हे, की आता म्हाई कधी आहे.

दरम्यान एक गोष्ट झाली. डॉक्टरणीच्या बाकावर तासन्‌तास बसून मला लोकांची तोंडं वाचता येऊ लागली होती. दिवाळीत गावी गेले, आक्का चुलीपाशी बसून बोलत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. दात साच्यातून काढल्यासारखे एका मापाचे. बोलताना मधेच बारीक टक् असा आवाज. खालचा ओठ सारखा काहीतरी धरून ठेवल्यासारखा ताठ. आणि मग आठवलं की इतक्या वर्षांत आक्काला पंगतीत बसून जेवताना कुणीच पाहिलेलं नाही. ती वाढायची. सगळ्यांचं झालं की आत जाऊन एकटी जेवायची, आणि आम्ही सगळे म्हणायचो, बाई केवढी कष्टाळू. तिच्या तोंडात वर-खाली दोन्ही कवळ्या होत्या! मिश्रीने तिला माझ्या आधी खाल्लं होतं. म्हणजे बिनदातांच्या माणसाच्या ताटात नळी पडली की काय होतं, हे ती पुरतं जाणून होती. जाणून तिने वाढली होती. माझ्या अंगाची लाहीलाही झाली, आणि त्याच वेळी काय करायचं तेही सुचलं.

पुढच्या म्हाईला मी सकाळच्या पहिल्या एसटीने गेले. पाहुणी म्हणून नाही, पदर खोचून. पहिल्या पंगतीत सगळ्यांच्या देखत नळी खाल्ली, चोखली, कडेचं मांस ओढलं, टोकाचं मऊ हाड कडाकड चावलं. डॉक्टरणीने हाड चावू नका म्हणून बजावलं होतं, तिचीही पर्वा केली नाही. मग उठून हात धुतले आणि आक्काच्या हातातली पळी काढून घेतली.

"आक्का, आज तुमी बसायचं. जलमभर वाढलंसा, आज मी वाढते."

"मला भूक न्हाय गं. मागनं जेवते."

"न्हाय म्हणायचं न्हाय. थोरलं माणूस उपाशी आन् आमी जेवायचं व्हय?"

बाकीच्या बायकांनी लगेच सूर धरला, बसा आक्का, बसा की. मायेनेच म्हणाल्या बिचाऱ्या. दोघींनी दंड धरून तिला पाटावर बसवलं. मी पातेलं हलवून सगळ्यात मोठी नळी शोधली आणि तिच्या ताटात ठेवली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे तिला कळलं. आत उठून जाता आलं असतं, पण म्हाईच्या ताटावरून तिने आयुष्यात कुणाला उठू दिलं नव्हतं. तिने नळी उचलली आणि पुढच्या दातांनी ओढली. खालची कवळी निसटली, ओठातून बाहेर आली आणि ताटाच्या काठावर आपटून रश्श्यात पडली. दोन तुकडे झाले.

एकीला हसू फुटलं आणि सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने मी हसले, तोंड उघडं टाकून, सगळे दात दाखवून. इथे मला वाईट वाटलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मला वाईट वाटलं नाही. रस्ताभर मी गुणगुणत घरी आले.

पाच महिन्यांनी आक्काचा फोन आला. तुटलेली कवळी गावात कुणाकडून तरी चिकटवून घेतली होती, ती टोचत होती, तोंडात फोड आले होते. "तुझ्या डाक्टरनीकडं ने मला," एवढंच म्हणाली. मी नेलं. दया आली म्हणून नेलं नाही. तिला त्या खुर्चीत तोंड उघडून बसलेलं पाहायचं होतं.

पाहिलं. वाळून अर्धी झाली होती. डॉक्टरणीने फोटो उजेडात धरला, खालच्या जबड्याचं हाड पेन्सिलीएवढं उरलं होतं. "कवळी किती वर्षं वापरताय?"

"बावीस."

"साखर?"

"हाय."

एवढ्या झिजलेल्या हाडात, असल्या साखरेत आणि या वयात स्क्रू बसवायचा धोका मी घेणार नाही, डॉक्टरीण म्हणाली. नवी कवळी करू, पण खालची कधीच घट्ट बसणार नाही. मऊच खायचं. आक्का मला विचारल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे हिच्यासारखं न्हाय हुणार?" डॉक्टरीणच नाही म्हणाली.

एसटी स्टँडला रिक्षाने निघालो. स्टँड जवळ आल्यावर ती म्हणाली, "आता तरी झालं का तुझं मन शांत?"

हो म्हणणं सोपं होतं. तोंडावरही आलं होतं.

"न्हाय," मी म्हटलं.

"बरं हाय. मीबी इसरणार न्हाय." तिने पिशवी मांडीवर ओढली. "सोमवारी मापाला कितीची एसटी धरू?"

"आठची धरा. मी स्टँडवर येते."