हवा कोंबलेली गाडी

शंकर नगरात माझ्या इस्त्रीच्या ठेल्यासमोर गॅरेज आहे. तिथे एक माणूस रोज आपली बुटकी लाल गाडी पिवळ्या फडक्याने पुसत बसे. मेव्हण्याने जास्त पळणारी गाडी घेतल्यापासून याचं अन्न गोड लागत नव्हतं.

बायको म्हणाली, "हे विका अन् तशीच घ्या ना!"

"विकत तं कोणीही घेते. मी हिलेच पळवतो."

मग त्याने इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला, चाकाखाली लिंबू ठेवला. गाडी गरजत कोपऱ्यापर्यंत गेली आणि धूर सोडून बंद पडली. शेवटी मेव्हण्यानेच आपल्या गाडीला दोर बांधून ती गॅरेजपर्यंत ओढत आणली.

हा ऐटीत उतरून मला म्हणतो, "पाहिलं ना दीदी? त्याच्या हातभरही मागं नाही पडलो!"

आणि मेला हसतही नव्हता.