दुपारी पापांना कोण उठवणार

माझ्या धाकट्या भावाच्या घरात सगळे मोठ्याने बोलत. मीठ मागायचे झाले तरी आवाज असा लागे, जणू मागणारा एका काठावर आणि देणारा तापीच्या पलीकडच्या काठावर उभा आहे. भावजय गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी बुऱ्हाणपूरला, लालबागेतल्या त्या घरी गेले, तेव्हा मनाशी शांततेची तयारी करून गेले होते. बाई नसलेल्या घरात भांडीसुद्धा दबकून वाजत असतील, असे वाटले होते. पण रिक्षातून उतरते न उतरते तोच धाकट्या पुतण्याची आरोळी कानी आली, "पापा, डाळीत पाणी किती?" आणि आतून भावाचे उत्तर, "बोट बुडेल इतकं!"

शेजारच्या काकू ओट्यावर कैऱ्या चिरत होत्या. सुरीखालून आंबट वास उडत होता. त्या माझ्याकडे पाहून हसल्या.

"या, बसा. तुमच्या भावाच्या घरी भाजी कोणती, ते आम्हाला फोडणीच्या आधी समजतं. लग्न करून टाक म्हणा आता त्याला. पोळ्या लाटून लाटून हात बायकांसारखे होऊन राहिले."

मी हसले. प्रवासाने अंग आंबले होते, बॅग उचलून मी आत गेले.

मी आखाजीसाठी आले होते, तशीच आणखी एका कामासाठीही. चौथीत जाणाऱ्या धाकट्याला मी जळगावला माझ्या घरी न्यावे, असे ठरले होते. त्याची आई दिवाळीच्या आधी तापाचे निमित्त होऊन गेली. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी होती, तिची खोली रिकामी होती, नवऱ्याचा होकार होता. अकरावीतला थोरला बापाजवळ राहील, लहानग्याला तरी बाईच्या हातचे मिळेल, असे सगळ्यांचे मत पडले. वडीलधाऱ्यांनी अट एकच घातली होती: आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, ती पोराच्या आईची भरून होऊ द्या, मग पोराला हलवा. भाऊ फोनवर एवढेच म्हणाला होता, "ये ताई. घेऊन जा." त्या आवाजात मी नकार शोधला, होकारही शोधला. हाती लागला तो फक्त थकवा.

भाऊ रेल्वेने थोडे अंतर गेल्यावर लागणाऱ्या कागद कारखान्यात मशीनवर आहे. ओला लगदा जिथे पसरत, पिळत, तापत कागद होतो, तिथे त्याची उभी जवानी गेली. पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्याच्या सदऱ्याला, केसांना, उशीच्या अभ्र्यालाही एक वास असतो: पावसात भिजून पुन्हा वाळलेल्या जुन्या कागदांचा, थोडा आंबूस. भावजय असताना त्या वासावर घरात धण्याजिऱ्याचा, शिकेकाईचा, उदबत्तीचा वास चढलेला असे. आता तो एकटाच खोल्यांतून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ रात्रपाळी करून आला. डोळे लाल, पापण्यांवर बारीक पांढरी धूळ. तो उंबऱ्याशी बसून बूट काढू लागला, तोच थोरला पाठीवर दप्तर घेऊन त्याच्यासमोर ताठ उभा राहिला.

"दूध तापवलं. गॅस खालून बंद केला. टाकी भरून राहिली, बटण बंद करायचं बाकी. कपडे भिजवले. छोट्यानं दात घासले, पण खोटं बोलून राहिला असेल."

"घासले!" आतून धाकटा ओरडला.

"घेतला," भाऊ म्हणाला. थोरल्याने चपला सरकवल्या आणि तो क्लासला निघून गेला.

मला गंमत वाटली. भावाला वाटली नाही. "चार्ज आहे तो, ताई," पाय चोळत तो म्हणाला. "कारखान्यात मशीन सोडून उठता येत नाही. पुढचा माणूस येतो, त्याला सगळं सांगायचं, तो 'घेतला' म्हणतो, मग निघायचं. तो नाही आला तर आपणच डबल करायची. ती होती तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे आपलं असतंच. ती गेल्यावर समजलं की घरही चालू असतं. मशीन तरी साफसफाईला थांबते. हे थांबतच नाही."

नियम त्याने घातला आणि पोरांनी अंगात मुरवून घेतला. एकदा बापाची गाडी उशिरा आली, म्हणून थोरल्याची परीक्षा बुडाली होती. लहान भाऊ घरात एकटा, चार्ज घेणारे कोणी नाही, मग हा दारातच उभा राहिला. त्यानेच मला हे सांगितले, कणीक मळता मळता, कुठलीही तक्रार न करता. "काही नाही आत्या, नंतर घेतली ना सरांनी. तू टेन्शन नको घेऊ." त्याच्या मनगटावर पीठ वाळले होते, ओठांवर नुकती मिसरूड आली होती. लहानग्याला येथून हलवायचेच, हा माझा निश्चय त्या कणकेपाशी पक्का झाला.

आखाजीला पोरांच्या आईची घागर भरली. नव्या मातीवर पाणी पडताच जो वास उठतो, त्याने क्षणभर कारखान्याचा वास मागे हटला. घागरीच्या तोंडावर पाण्याचे लहान मडके, त्यावर खरबूज, शेजारी मी तळलेल्या सांजोऱ्या. आदल्या रात्री कामावर जागलेला भाऊ निखाऱ्यांवर तिच्या नावाचा तुपात भिजवलेला घास सोडताना मध्येच डुलकी घेत होता. धाकट्याने त्याच्या दंडाला धक्का दिला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "पापा, आईला द्या ना!" काकू पदराआड हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले.

पुढची रात्रही भावाची कामावरच गेली. माणसे कमी होती, म्हणून त्याच दुपारी त्याला पुन्हा पाळीवर बोलावले होते. आमची जळगावची गाडी दुपारच्या आधीची, म्हणून स्टेशनवर न येता दोन घास खाऊन तो झोपणार होता. थोरला क्लासला निघाला. जाता जाता त्याने धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली. "जा, राजा. आत्याकडे कूलर आहे. इथं तर पापांचं घोरणं आहे."

धाकटा हसला नाही. पिशवी भिंतीशी ठेवून तो बापासमोर ताठ उभा राहिला.

"माठ भरला. मांजरीला पोळी टाकली. दारामागची चावी खिळ्यावर आहे." मग तो थांबला. "दुपारी पापांना उठवायचं. ते कोणाला देऊ? दादा तर क्लासमध्ये असतो."

भावाने उशाजवळचा मोबाईल उचलून दाखवला. "हा आहे ना. गजर लावला. घेतला."

धाकटा बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला. पण 'घेतला' म्हटल्यावर तिथे उभे राहायचे नसते. त्याने पिशवी उचलली. भावाने त्याला जवळ ओढले नाही. पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथून काढायचे विसरल्यासारखा काही वेळ तिथेच राहू दिला.

स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचे पुकारून झाले होते. पत्र्याखाली ऊन साठले होते, रुळांतून तापल्या लोखंडाचा आणि डिझेलचा वास येत होता. फेरीवाल्याकडून घेतलेली केळी पोराने मांडीवर ठेवली, सोलली नाहीत. तो फलाटावरच्या घड्याळाकडे पाही, मग माझ्याकडे.

"काय रे, भूक नाही?"

"आत्या, तुला एक सांगू? कोणाला सांगशील तर नाही?"

"नाही सांगणार."

"पापांना गजर ऐकू नाही येत." तो खाली पाहून बोलत होता. त्या घरातल्या कोणाला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. "एक कान तर पूरा गेला. दुसऱ्यानं थोडं थोडं येतं. मशीनच्या आवाजानं. आईला माहीत होतं, ती पाय हलवायची. आता मी हलवतो. कारखान्यात समजलं तर मशीनवरून काढतील, पापा म्हणाले, म्हणून सांगायचं नाही."

"मग तिथं का बोलला नाहीस?"

"पापांनी घेतला म्हटलं ना."

मी घड्याळाकडे पाहिले. गाडीचा अजून पत्ता नव्हता. मनात आले, भाऊ काही लहान नाही, एक पाळी चुकली तर चुकली. पण शेजारी बसलेल्या त्या पोराचे गुडघे सारखे हलत होते, आणि जळगावच्या कूलरच्या हवेत, माझ्या हातच्या गरम पोळीपुढे बसूनही ते असेच हलत राहतील, हे मला दिसू लागले. मी उठले. त्याने कुठे म्हणून विचारले नाही. रिक्षाकडे तो माझ्या पुढे धावला.

गजर आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला. कर्कश, न थांबणारा. काकू दारात उभ्या होत्या. "केव्हाचा वाजून राहिला. मी दोनदा हाका मारल्या. घरात आहे का नाही तुमचा भाऊ?"

दार नुसते लोटलेले होते. फोन भावाच्या डोक्याशी थरथरत, उशीवर गोल गोल सरकत होता आणि तो एका कुशीवर, तोंड किंचित उघडे ठेवून, तळाला गेलेल्या दगडासारखा झोपला होता. बनियन घामाने पाठीला चिकटले होते. कानशिलावरचे केस पांढरे झालेले मला तेव्हा दिसले. धाकट्याने फोन बंद केला नाही. तो सरळ पायांपाशी गेला आणि त्याने बापाचा अंगठा धरून हलवला, एकदाच, हलक्या हाताने.

भावाने डोळे उघडले. पोराला पाहून तो दचकला नाही. नेहमीसारखाच उठून बसला, मोरीकडे गेला, तोंडावर पाण्याचे हबके मारले. मग ओल्या तोंडाने परत येताना माझ्याकडे त्याचे लक्ष गेले, पुन्हा भिंतीशी येऊन बसलेल्या पिशवीकडे गेले, आणि तेव्हा कुठे तो पूर्ण जागा झाला.

"गाडी चुकली?"

"नाही," मी म्हणाले. मग जवळ जाऊन, मोठ्याने म्हणाले, "नाही चुकली. आम्ही परत आलो."

त्याने पोराकडे पाहिले. पोर फरशीकडे पाहत होते. मला वाटले, आता हा रागावेल, किंवा रडेल. त्याने सदरा चढवला, बटणे लावली. एक बटण चुकले, ते पुन्हा लावले. मी डब्यात कालच्या सांजोऱ्या भरत होते, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"तुम्ही सगळे समजत होता, एकट्यानं मला झेपत नाही म्हणून देऊन राहिलो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज पडलेला होता. "तसं नाही, ताई. झेपतं. रोज झेपतं. मला वाटलं होतं, दोघांतला एक तरी सुटेल यातून."

त्याने डबा घेतला. रस्त्यावर ऊन पांढरे झाले होते. खांदे पुढे झुकवून चालत तो रिकाम्या गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला.

मी जळगावला फोन लावून सांगितले की पोराला आणत नाही, आणि शाळा उघडेपर्यंत मीही येत नाही. पलीकडून विचारले, मग त्यानंतर काय? ते तेव्हा पाहू, असे म्हणून मी फोन ठेवला. आत धाकटा बापाच्या घामाने ओल्या असलेल्या गादीवरच आडवा झाला होता. बूटसुद्धा न काढता त्याला गाढ झोप लागली होती. मी ते हळूच काढून घेतले आणि पंख्याचे तोंड त्याच्याकडे वळवले.