जावेचा ताण लिहून घेतला तेव्हा

ही वही कुणी उघडलीच तर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि वेडेवाकडे अक्षर पोटात घाला. चौथीनंतर मी लिहिले ते दुकानाच्या यादीपुरतेच.

माझी धाकटी जाऊ वास्कोला नर्स आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी पेडण्याला घरी येते, सासूबाईंचे केस विंचरते, नखे कापते. सासूबाईंना अर्धांग होऊन चार वर्षे झाली. रोजचे कुशीवर वळवणे, पुसणे, भरवणे माझ्याकडे. पण शेजारीण आली की त्या बोटे पुढे करतात, "माझ्या धाकटेन कापली." तेव्हा माझा जळफळाट होतो. खोटे कशाला लिहू?

दोन वर्षांपूर्वी जाऊ एका मुलीला घेऊन आली. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांच्या मनावर किती ताण येतो, याचा ती अभ्यास करत होती. आधी तिने जावेला विचारले. थकवा येतो का? नेहमी. रडू येते का? कधी कधी. मुलगी "खरंच, मॅडम" म्हणत लिहून घेत होती. मी आत चहा गाळत होते. मला जावेच्या थकव्याचासुद्धा हेवा वाटला. तो कुणीतरी लिहून घेत होते.

मग मुलीने मला बसवले. तेच प्रश्न. जाऊ समोरच. सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा खाट आणि हवेची गादी आणली, त्या खर्चातले आमच्या वाट्याचे नऊ हजार तिनेच भरले होते. तिच्या पैशाच्या खाटेशेजारी बसून थकले कसे म्हणू? प्रत्येक प्रश्नाला मी "कधीच नाही" म्हटले.

"काकी, तुम्हाला काहीच ताण नाही. नशीबवान तुम्ही," मुलगी म्हणाली.

जाऊ हसली. "आमच्या वैनीक कसलो ताण? ड्युटी नाय, सायब नाय."

मी कप उचलून आत गेले. ठरवले, आधी हिचे पैसे फेडायचे, मगच तोंड उघडायचे.

सासूबाई दुपारी झोपल्या की मी डोंगरीवर काजूच्या बिया वेचायचे. पुढे कोकमाची सोलं सुकवून विकली. दोन हंगाम लागले. जमतील तसे देत गेले. शेवटचे दोन हजार गेल्या रविवारी तिच्या हातावर ठेवले.

"मी मागलंय तुमच्याकडे, वैनी?"

"मोज," मी म्हटले. "आणि म्हयन्याचे दोन रविवार आईजवळ तू रव. मी थकतंय."

ती बघतच राहिली. "कदीपासून?"

"चार वर्सां."

सासूबाई खाटेवरून दोघींकडे बघत होत्या. "ड्युटी बदलून घेवक व्हयी," जाऊ हळू म्हणाली. मग तिने नोटा मोजल्या, पर्समध्ये ठेवल्या.

"फिटले सगळे," ती म्हणाली. "आता तुमी माका काय देवचा नाय."